आसाच्या पेटीतली धाबळी

काशी, ये गं, अशी माझ्याजवळ सरक. कागद आहे म्हणून लांबून ऐकू नकोस. सुनेला म्हणावं, वाच, पण सावकाश वाच, आणि चूल पेटवायची म्हणून मधेच उठू नकोस.

मी मुंबईहून येऊन महिना होत आला. तुझ्या माझ्या परसात एक करवंदीचं कुंपण, आणि तू एकदाही आली नाहीस. सकाळी तुळशीपाशी दिसतेस, मी हाक मारायला तोंड उघडते, तोवर तू पाठ फिरवतेस. अगं, साठी उलटली आपली. या वयात का रुसायचं? रुसायला दात तरी हवेत ना गं शिल्लक, ओठ चावायला!

कारण मला ठाऊक आहे. धरमतरच्या बोटीवरून कोणीतरी बातमी आणली की आक्काने आपल्या आईचं सोवळं उसवून आगगाडीच्या चाकात कोंबलं. खरं आहे. चाकात नव्हे, चाकाच्या आसाच्या पेटीत. पण कोंबलं, हे खरं. आणि तीच लोकरीची धाबळी तुझ्या चंपाषष्ठीच्या नैवेद्याला परत आणते असं तुला सांगून मी नेली होती, हेही खरं. आईच्या माघारी ती एकच धाबळी तीन घरांचं सोवळं सांभाळत होती. तुझा राग खोटा नाही. पण का कोंबलं ते बोटीवरच्या माणसाने तुला सांगितलं नसणार. ते मी सांगते. आणि आळीतल्या ज्या बायांनी मुंबई पाहिली नाही, त्यांनाही बोलाव ऐकायला. माझी अक्षरं कोणी शिकवलेली नाहीत, भिंतीवर कोळशाने गिरवून आलेली आहेत, तेव्हा वाकडी असली तर हसू नका.

धरमतर ते भाऊचा धक्का

पेणहून निघून रविवारी पहाटे धरमतरला आगबोटीत बसले. बरोबर पोह्याच्या पापडांचा डबा, वालाची पुरचुंडी आणि धाबळी. प्रवासातही देवाला पाणी घालायला सोवळं लागतं, म्हणून ती मी उराशी धरूनच बसले होते. खाडी संपून बोट मोठ्या पाण्याला लागली तशी माझ्या पोटात ढवळलं. शेजारी एक कोळीण टोपली घेऊन बसली होती. म्हणाली, “पान्याकडं नको बघू म्हातारे, लांबच्या डोंगराकडं बघ. बोट पान्यावर बसलीय, तू बोटीवर बस, झालं!” मी डोंगराकडे पाहिलं आणि खरंच बरं वाटलं. एवढी लोखंडाची बोट, शंभर माणसं, गुरं, मडकी, आणि सगळं बसलंय कशावर, तर हातातून गळून जाणाऱ्या पाण्यावर! हे वाक्य लक्षात ठेव. पुढे लागणार आहे.

धक्क्यावर दामू आला होता. माझा धाकटा भाऊ दामू तुला आठवतो ना? लहानपणी बाबांच्या भट्टीपाशी बसून घंटांच्या साच्याला माती फासायचा. आता पन्नाशीचा झाला. परळला आगगाडीच्या कारखान्यात पितळ ओतायच्या खात्यात तेवीस वर्षं आहे. सहा वर्षांनी पाहिला. केस गेले, हात मात्र बाबांचेच, जाड नि चटके बसलेले. पाया पडला. पण हसला नाही.

बैलाच्या खटाऱ्यातून परळला निघालो. वाटेत घोड्यांची ट्राम पाहिली, रुळांवरून नुसती घरंगळत जाते, घोड्याला फुकटचं श्रेय. लालबागच्या पुढे गिरण्यांची धुराडी दिसायला लागली. आपल्याकडे माड मोजावेत तशी ती मोजावीत. रस्त्याच्या कडेला कापसाच्या गाठी, वाऱ्याने उडणारा कापूस, माणसांच्या पागोट्यावर कापूस, भज्यांच्या तेलात कापूस. मी म्हटलं, “दामू, इथे थंडीत गोधडी लागत नसेल.” तरी हसला नाही.

घरी पोचल्यावर लक्ष्मीने, म्हणजे त्याच्या बायकोने, मला बाजूला घेऊन सांगितलं. “वन्सं, त्यांना काही विचारू नका. येत्या शनिवारी त्यांची परीक्षा आहे.”

“या वयात कसली परीक्षा?”

“पेटी तापली तर आमची परळची खोली गेली. घाटापलीकडच्या यार्डात पाठवणार, गाड्यांना वंगण फासायला. भट्टीचं काम बंद.”

मला तेव्हा यातलं अक्षर कळलं नाही. पेटी कसली, तापते कशाने? पण भट्टीचं काम बंद हे मात्र कळलं. काशी, कासाराच्या पोराला भट्टीपासून तोडणं म्हणजे काय ते तुला सांगायला नको.

परळ, कारखान्यात

चाळीतली पहाट कोंबड्याने होत नाही, भोंग्याने होते. एका गिरणीचा झाला की दुसरीचा, मग तिसरीचा. मी पहिल्या दिवशी दचकून रामनाम घ्यायला लागले. पाणी मात्र नळाचं, दारात. आपल्यासारखं विहिरीवर जायला नको. पण नळाच्या रांगेत ज्या गोष्टी ऐकल्या त्या विहिरीवर वर्षभरात ऐकायला मिळत नाहीत.

मंगळवारी दामू मला कारखाना दाखवायला घेऊन गेला. बायकांना आत सोडत नाहीत, पण पास्कू मिस्त्रींनी साहेबांची परवानगी काढली होती. पास्कू मिस्त्री म्हणजे तिथले पेट्या तपासणारे, माटुंग्याकडचे जुने किरिस्तांव, दामूचे वीस वर्षांचे सोबती. पांढऱ्या मिशा, डोक्याला रुमाल, आणि उजव्या हाताच्या पालथ्या बाजूला एक केस नाही. “काय गो बाय,” म्हणाले, “भाऊ तुजा रोज सांगतो, आक्का येनार, आक्का येनार. आमाला वाटला गवर्नर येतो.”

आता नीट ऐका. मी ते पाहून थक्क झाले, आणि मला नीट सांगता आलं तर तुम्हीही व्हाल.

आगगाडीच्या डब्याची दोन चाकं एका लोखंडी आसावर घट्ट ठोकलेली असतात. आपल्या बैलगाडीत चाक फिरतं नि आस जागच्या जागी राहतो. इथे चाकांबरोबर आसही फिरतो. मग डब्याचं ओझं ठेवायचं कशावर? फिरत्या वस्तूवर ओझं कसं बसवायचं? तर आसाची दोन टोकं चाकांच्या बाहेर वीतभर काढलेली असतात, आरशासारखी गुळगुळीत. त्या टोकावर वरून एक पितळेचा तुकडा पालथा घालतात, कौल पालथं घालावं तसा. त्याला तिथे ब्रास म्हणतात. सगळा डबा त्या ब्रासांवर. आणि हे सगळं एका लोखंडी पेटीत बंद, धूळ जाऊ नये म्हणून. ती आसाची पेटी.

दामू ते ब्रास ओततो. बाबा घंटा नि समया ओतायचे, हा कौलं ओततो. मी एक हातात घेतलं तर आतून पांढरं. म्हटलं, “अरे, ही तर कल्हई!”

दामूचा चेहरा त्या दिवशी पहिल्यांदा उजळला. “तेवीस वर्षांत एका साहेबाला मी हे समजावू शकलो नाही आक्का, तू एका नजरेत ओळखलंस. कल्हईच, फक्त जाड. पितळ एकटं घातलं तर ते आसाला कापतं. ही पांढरी कल्हई मऊ. धुळीचा कण आला तर पोटात घेते, आसाला ओरखडा उठू देत नाही. आणि पेटी तापलीच तर आधी ही वितळते, आस वाचतो.”

मी त्या पांढऱ्या अस्तरावरून बोट फिरवलं. स्वतः वितळून दुसऱ्याला वाचवायचं, असं काम देऊन ठेवलंय तिला. घरोघरी अशी एकतरी बाई असते, नाही गं काशी?

एका फळीवर तयार ब्रास मांडले होते. पास्कू मिस्त्री हातोडीने एकेक टिचकावत होते. सातव्याला मी म्हटलं, “हा पिचलाय.” ते म्हणाले, “नाय बाय, चांगला हाय.” मी म्हटलं, “पुन्हा वाजवा.” पुन्हा वाजवला. उलटून उजेडात धरला, तर कडेला केसाएवढी चीर. घंटा पिचली की जीभ चावल्यासारखा आवाज येतो, तो काय मला कळणार नाही? बाबांच्या भट्टीपाशी वाढले मी. मिस्त्री म्हणाले, “बाय, तू परत जाताना कान हितंच ठेव.”

मग मी विचारलं, “पण एवढं ओझं घेऊन लोखंड पितळेखाली गरगर फिरतं, ते घासून जळत कसं नाही?”

दामू म्हणाला, “कारण ते लागतंच नाही. मधे तेलाचा पापुद्रा असतो, कांद्याच्या सालीहून पातळ. डबा पितळेवर नसतो बसलेला, आक्का. तेलावर बसलेला असतो.”

मला बोटीवरची कोळीण आठवली. अंगावर काटा आला बघ. चाळीस माणसांचा लाकडी डबा रुळांवरून धडधडत जातो आणि खरा तरंगतोय तो पापुद्राभर तेलावर! ज्याला हे पहिल्यांदा सुचलं असेल त्याला माझा नमस्कार पोचो, मग तो कुठल्याही देशाचा असो.

पण तेल तिथे टिकवायचं कसं? जुन्या पेट्यांत वरच्या खणात वंगण भरतात. ते मी पाहिलं आणि पदर नाकाला लावला. पिवळं, थलथलीत, जनावराच्या चरबीचं. आस ऊन झाला की ते वितळून खाली उतरतं. म्हणजे आधी तापायचं नि मग वंगण मिळायचं! उन्हाळ्यात सगळं वाहून जातं, थंडीत दगड होतं. म्हणून साहेबांनी नव्या तऱ्हेची पेटी काढली. तीत तेल खालच्या खणात, एरंडेल. हसू नका! तेच, आपण पोरांना नाक दाबून पाजतो ते. आणि त्या तेलात बुडवलेली भरण आसाला खालून टेकलेली असते, वातीसारखी तेल वर ओढून आसाला पुसत राहते.

पहिल्या खेपेला भरण म्हणून कोणीतरी गिरणीचा टाकाऊ कापूस भरला. परळमध्ये कापसाला काय तोटा? रस्त्यावर उचलावा. पण कापूस तेल पिऊन जुन्या गादीसारखा दडपला, आसापासून खाली सुटला, आणि वात दिव्यापासून लांब गेली तर काय होणार? ठाण्याच्या पुढे पेटीतून धूर. अस्तर वितळून रुळावर सांडलं. साहेबांनी सगळ्यांसमोर विचारलं, आता कोण काय म्हणतो? तेव्हा आमचा दामू, जो जन्मात चारचौघांत बोलला नाही, तो म्हणाला, कापूस नको, लोकर घाला. लोकर दाबली तरी उठून बसते. साहेब म्हणाले, ठीक, एक डबा, चार पेट्या, पुन्हा एकदाच. आणि तापली तर बोलणाऱ्याने यार्डात जायचं.

येताना पास्कू मिस्त्री मला म्हणाले, “लोकर चांगलीच हाय. फकत मुरली पायजे.” गाड्यांच्या आवाजात मला तेव्हा ‘लोकर चांगली’ एवढंच ऐकू आलं, बाकीचं मागून कळलं. चरबीचा तो वास तेवढा नाकात घेऊन मी घरी आले.

माझी करामत

आता लाज वाटते ते सांगते.

दामूने ती विलायती लोकर बुधवारी घरी आणली. कारखान्यात ठेवली तर कोणी पुन्हा तीत कापूस मिसळेल अशी त्याला धास्ती. हाताने पिंजली, पत्र्याच्या मोठ्या डब्यात घालून गॅलरीत ठेवली, वर झाकण. लक्ष्मीला सांगितलं, कोणाचा हात लागू देऊ नकोस. मला सांगितलं नाही, कारण मी तेव्हा जप करीत होते.

गुरुवारी दुपारी लक्ष्मी बाजारात गेली. मी एकटी. गॅलरीतून उग्र वास येत होता, आणि त्या भिंतीच्या आतल्या अंगाला देवांचा कोनाडा. झाकण काढून पाहते तर लोकर, तेलकट, चिकट, मळकट. माझ्या मनात आलं, हीच ती चरबी! माझा भाऊ शनिवारच्या परीक्षेला ही घाण घेऊन जाणार? साहेबापुढे? त्याला वेळ झाला नसेल बिचाऱ्याला. बहीण घरी आहे कशाला?

काशी, मी कढत पाणी केलं. रिठे फोडले. ती सगळी लोकर दोन्ही हातांनी चोळचोळून धुतली, तीन पाण्यांतून काढली, पिळली, आणि कठड्यावर वाळत घातली. पांढरी शुभ्र, म्हातारीच्या केसांसारखी. वर मला कौतुक वाटलं स्वतःचं! लक्ष्मी आली. तिने कठड्याकडे पाहिलं, हातातली कोथिंबीर खाली ठेवली आणि रिकाम्या डब्यात डोकावून पाहिलं.

संध्याकाळी दामू आला. मी म्हटलं, “बघ, कशी लख्ख केली.” त्याने एक झुबका हातात घेतला, दाबला, सोडला. तो उठला नाही. पापडासारखा चपटाच राहिला.

“आक्का,” तो म्हणाला, “ती एरंडेलात मुरत घातली होती. दोन दिवस. आत धाग्याधाग्यात तेल शिरायला लागतं, नाहीतर ती ओढत नाही.”

मुरत. एवढा एकच शब्द, आणि मला माझं सगळं आयुष्य आठवलं. चाळीस वर्षं लोणचं घालत आले मी. सुनांना, भाच्यांना ओरडत आले, बरणीला ओला हात लावू नका, पाण्याचा एक थेंब गेला तर नासतं. आणि मी मुरत घातलेली बरणी कढत पाण्याने धुऊन काढली होती. शिवाय कढत पाण्यात चोळली म्हणून काही लोकर आटून नमद्यासारखी घट्ट झाली होती. घोंगडी धुवायची नसते हे मला ठाऊक नव्हतं का? होतं गं. पण घोंगडी घोंगडीच्या जागी आठवते.

मला वाटलं होतं दामू ओरडेल. ओरडला असता तर बरं झालं असतं. तो जाऊन बाबांच्या तसबिरीखाली बसला आणि हातांकडे बघत राहिला. लक्ष्मीने पान वाढलं. तो म्हणाला, “आक्काला आधी वाढ. दुपारपासून कष्ट केलेत तिने.” तो टोमणा नव्हता काशी, म्हणूनच घास उतरला नाही.

शुक्रवार

शुक्रवारी भोंग्याबरोबर मी उठले आणि दामूला म्हटलं, “मला पास्कू मिस्त्रींकडे ने. केलंय मी, सांगेन मी.”

फाटकापाशीच ते भेटले. मी सगळं सांगितलं. त्यांनी लोकर पाहिली, नाकाला लावली, आणि म्हणाले, “रिठ्याचा वास येतो. आगगाडीचा केस धुतला काय गो बाय?” मला रडू आणि हसू एकदमच आलं. मग कारभार्‍यासारखे बोलले. “पाणी आत ऱ्हायला तर तेल शिरनार नाय. साचे वाळवतात त्या उबदार खोलीत आदी कोरडी करू. तेल ऊन करून घालू, ऊन तेल लवकर शिरतं. उद्या सकाळपर्यंत होईल. पन ही घट्ट झालेली कामाची नाय.” त्यांनी निवडून निवडून बाजूला केली. उरली ती तीन पेट्यांपुरती.

“चौथीला?” दामूने विचारलं.

“चौथीला दुसरी लोकर बघ. मऊ, न धुतलेली. फुगीर पायजे.”

“घोंगडीवाल्याकडे?”

“राठ. त्यात वाळू. आस खाईल.”

दोघे उरलेली लोकर गोळा करू लागले. आणि माझ्या डोळ्यांपुढे आली आईची धाबळी. मऊ लोकर, आईने स्वतः उन्हात बसून निवडून घेतलेली, सैल विणीची. कधी तिला रिठा लागला नाही, कढत पाणी लागलं नाही. नुसती झटकून वाऱ्यावर टाकायची, कारण लोकरीला विटाळ नाही असं आई म्हणायची. मी चटकन बोलले नाही, हे कबूल करते. तुझी चंपाषष्ठी आठवली. तीन घरं आठवली. तुला विचारायला हवं होतं, पण तू खाडीपलीकडे आणि गाडी उद्या सकाळी.

घरी आलो. लक्ष्मी म्हणाली, “वन्सं, नको. देवाची वस्तू आहे.”

मी म्हटलं, “देवासाठी आत्तापर्यंत मी एकटी सोवळ्यात राहिले. आता चाळीस माणसं तिच्यावर बसून जातील. आई असती तर तिने आधी काठ उसवला असता.”

दोघी गॅलरीत बसलो आणि उसवायला घेतली. पहिला धागा मी ओढला. मग धागा नागमोडी निघत गेला, किती वर्षं विणीत बसलेला, सोडला की पुन्हा वळी घ्यायचा. लक्ष्मीने मुठीत दाबला, मूठ उघडली, आणि तो टुणकन उठून बसला. “वन्सं, बघा!” ती ओरडली. दुपारपर्यंत सगळी उसवली, दामूने ती नेऊन ऊन तेलात मुरत घातली. काठाचा तांबडा धागाही त्यातच गेला, निवडायला वेळ नव्हता. पास्कू मिस्त्रींच्या बायकोने मला केळी पाठवली होती, निरोप होता, सालीतलं चालतं ना? चालतं म्हटलं. त्या दिवशी मला काहीही चाललं असतं.

दादर ते कल्याण

शनिवारी सकाळी दादरहून त्या गाडीचं तिकीट काढून मी आणि लक्ष्मी मुद्दाम त्याच डब्यात बसलो. चौथी पेटी माझ्या खिडकीखाली. आत इतर माणसं होती, कोणी भाकरी खात होतं, कोणी झोपलं होतं. आपण कशावर तरंगतोय ते त्यांना ठाऊक नव्हतं. दामू आणि पास्कू मिस्त्री मागे गार्डाबरोबर, साहेब पहिल्या वर्गात.

मी सारा वेळ नाक खिडकीबाहेर काढून बसले. खाडी आली, मिठागरं आली, पलीकडे डोंगर. लोक म्हणाले, म्हातारी हौशी दिसते. मी वास घेत होते. गुरुवारी नाक चुकलं तरी तापलेल्या एरंडेलाचा वास मला ओळखता येतो, नातवंडं वाढवलीत मी.

ठाण्याला गाडी थांबली. पास्कू मिस्त्री उतरले आणि एकेका पेटीला हाताची पालथी बाजू लावत आले. तळहात लावायचा नाही, तो घट्टे पडून खोटं बोलतो, म्हणाले होते ते. पहिली, दुसरी, तिसरी. चौथीला हात जरा जास्त वेळ ठेवला. माझ्याकडे वर पाहिलं नाही. गाडी सुटली.

“लक्ष्मी, त्यांनी हात का ठेवला गं?”

“मला काय ठाऊक, वन्सं? तुम्ही माझं मनगट सोडा आधी, बांगड्या रुतताहेत.”

ठाणे ते कल्याण किती लांब आहे ते मला विचारू नका. काशीयात्रेहून लांब आहे.

कल्याणला साहेब स्वतः उतरले. हातमोजा काढला. पहिल्या तीन पेट्यांना हात लावून मान हलवली. चौथीपाशी वाकले, हात लावला आणि काहीतरी बोलले. दामूचा चेहरा पडला. मी मागचापुढचा विचार न करता डब्यातून उतरले आणि सगळ्यांमध्ये घुसले.

“काय म्हणतात?”

“ही इतरांहून ऊन आहे म्हणतात,” दामू म्हणाला.

“तापली?”

पास्कू मिस्त्रींनी माझा हात धरला नाही, नुसता आपला हात पेटीवर ठेवून दाखवला. “तूच बघ बाय.”

मी पालथा हात लावला. हो काशी, फलाटावर, पन्नास माणसांसमोर, आगगाडीला. ऊन होती. पण कशी? तान्ह्याला पाजायच्या आधी दुधाचा थेंब मनगटावर टाकून बघतो ना, तशी. मी म्हटलं, “ही तापलेली नाही. ही जिवंत आहे.”

ते पास्कू मिस्त्रींनी साहेबांना काय म्हणून सांगितलं कोणास ठाऊक, पण साहेबांनी झाकण उघडायला लावलं. आस तेलाने चकाकत होता, आणि खाली भरण अंगाला अंग लावून बसली होती, जराही दडपली नव्हती. कडेला तांबडा धागा बाहेर डोकावत होता. साहेबांनी तो चिमटीत धरला आणि विचारलं, हे काय? विलायती लोकर तर पांढरी होती.

आता माझा भाऊ खोटं बोलू शकला असता. तो म्हणाला, “आईचं सोवळं आहे, साहेब. लोकर कमी पडली. चूक घरातली आहे, माझीच समजा.” पास्कू मिस्त्रींनी ते साहेबांच्या भाषेत सांगितलं, जरा लांबवून सांगितलं असावं, कारण साहेब मधे एकदा माझ्याकडे बघून मिशीत हसले. मग परतीच्या गाडीला तोच डबा जोडायचा हुकूम झाला. अशा उसवलेल्या धाग्यांची नवी भरण असते ती आस ओळखीचा होईपर्यंत जरा ऊन राहते, असं पास्कू मिस्त्री म्हणाले. आणि दादरला उतरलो तेव्हा चौथी पेटी बाकीच्या तिघींसारखीच गार होती.

दामू यार्डात गेला नाही. भट्टीवरच आहे. साहेबांनी लोकरीची भरण करायचं काम त्याच्याच देखरेखीखाली दिलं. त्या संध्याकाळी तो हसला. धक्क्यावर उतरले तेव्हापासून मी त्या हसण्याची वाट पाहत होते. हसून म्हणाला, “आक्का, पुढच्या खेपेला ये, पण रिठे पेणलाच ठेवून ये.”

घरी

तर काशी, अशी ती धाबळी गेली. आता कुठेतरी रुळांवर असेल, अंधाऱ्या पेटीत एरंडेल पीत, फिरत्या लोखंडाला पुसत. तिच्यावर बसून कोणी माहेरी जात असेल, कोणी तीर्थाला. मला तिचा पश्चात्ताप नाही. पश्चात्ताप आहे तो तुला न विचारल्याचा. ती माझ्या एकटीची नव्हती. चंपाषष्ठीला तू साध्या धूतवस्त्रात नैवेद्य केलास असं कळलं, आणि त्या दिवशी मलाही जेवण गेलं नाही.

दामूने माझ्याबरोबर एक वस्तू पाठवली आहे. ब्रास ओतताना उरलेल्या पितळेची समई, वितीएवढी. बाबांच्या साच्याची आहे. टिचकी मारलीस तर सूर ऐकशील, कुठे चीर नाही. ती मी अजून लावली नाही. ती तुझ्यासाठी आहे. धाबळीची भरपाई म्हणून नाही, तशी होत नसते.

एक मात्र मी मुंबईत शिकले. वात आयत्या वेळी तेलात बुडवून लावायची नसते, ती चरचरते. तेव्हा रुसवा सोड आणि ये गं लवकर. फक्त कुंपणावरून आदल्या दिवशी एक हाक दे, म्हणजे मी वात मुरत घालून ठेवीन.